सल्ला हवा: आर्चर सी-सिक्सवर ओपनडब्ल्यूआरटी टाकू का? (बजेट २०००)

चिवडागल्ली
नमस्कार मंडळी. मी लालबागला राहते. घरी टीपी-लिंकचा आर्चर सी-सिक्स आहे, २०१९ साली घेतलेला. राउटर ठणठणीत आहे, तक्रार त्याची नाही. लाइन आमच्या केबलवाल्याची, ५० एमबीपीएस. भिंतीवर त्याचा ओएनटी (फायबरचा डबा), पुढे हा राउटर. संध्याकाळी सातनंतर माझे कॉल असतात आणि नेमका तेव्हाच लेकाचा फोन फोटोंचा बॅकअप सुरू करतो. माझा आवाज तुटतो. स्पीड टेस्टला मात्र ५० पूर्ण येतात.
ऑफिसातला एक मुलगा म्हणाला, कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी राउटरमध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे खुलं सॉफ्टवेअर टाका आणि त्यात एसक्यूएम, म्हणजे गर्दीत डेटाची रांग नीट लावणारी सोय, लावा. मी अकाउंट्सची आहे, पण नीट वाचून करू शकते. नवीन घ्यायचाच झाला तर २००० च्या वर जाणार नाही. आणि सासरे दिवसभर नेटवर असतात, घर बंद ठेवून चालणार नाही.

मुलुंडचा_मामा
ताई, जुन्यात जीव घालू नका. मी ओपनडब्ल्यूआरटी वन हा राउटर मागवला. १ जीबी रॅम, मीडियाटेकची फिलॉजिक चिप, आणि प्रकल्पाच्या लोकांनी स्वतः आखलेलं हार्डवेअर. फ्लॅश (सॉफ्टवेअर साठवायची मेमरी) दोन वेगवेगळ्या आहेत, एक बिघडली तरी दुसरीवरून उठतो. बाहेर किंमत ८९ डॉलर होती. इतकं समाधान मला कुठल्याच खरेदीत मिळालं नाही.

चिवडागल्ली
मामा, २००० रुपये म्हटलंय हो.

वेसावकर
आवाज तुटतो म्हणजे वायफायच्या टू-पॉइंट-फोर गिगाहर्ट्झ पट्ट्यातली गर्दी. आमच्या बिल्डिंगमध्ये एकाच वेळी तीसेक नावं दिसतात. चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळा बघून ठेवा, फर्मवेअर (राउटरमधलं सॉफ्टवेअर) बदलायची गरजच नाही.

परळ_डेपो
मी हे काम लिंक्सिसच्या निळ्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरपासून करतोय. त्यात लिनक्स निघालं, लोकांनी जीपीएल परवान्यावर (सोर्स खुला करायची अट) बोट ठेवलं आणि २००३ मध्ये कंपनीने सोर्स खुला केला. ओपनडब्ल्यूआरटी त्यातूनच जन्मलं, नावातलं डब्ल्यूआरटी तिथलंच. आजच्या पोरांना सगळं लुसी या ब्राउझरमधल्या पानावर आयतं मिळतं. आम्ही टेलनेटवर हाताने कमांड टाइप करत बसायचो. टाका बिनधास्त.

फोर्ट_ते_फलाट
असूसचा राउटर घ्या आणि त्यावर मर्लिन हे फर्मवेअर टाका. मी चार वर्षं वापरतोय, एकदाही हात लावावा लागला नाही.

परळ_डेपो
मर्लिन म्हणजे ओपनडब्ल्यूआरटी नव्हे. ते असूसच्याच फर्मवेअरवर केलेलं काम आहे, आणि ताईंकडे असूस नाहीच.

फोर्ट_ते_फलाट
म्हणूनच म्हणतोय, असूस घ्या.

सायडिंगला_उभा
ताई, आधी राउटर उलटा करून लेबल वाचा. नुसतं सी-सिक्स पुरत नाही, "व्हर्जन" काय आणि कुठल्या देशासाठीचा ते बघा. सी-सिक्स व्हर्जन २ मध्येसुद्धा युरोपवाल्याला ८ एमबी फ्लॅश आणि अमेरिकावाल्याला १६, दोघांच्या फाइली वेगळ्या. मी २०२० मध्ये दुसऱ्याच एका राउटरवर शेजारच्या व्हर्जनची फाइल टाकली आणि तो ब्रिक झाला, म्हणजे चालूच होईना. रात्रभर झोप लागली नाही. बायकोचं सकाळी सातला ऑनलाइन लेक्चर होतं.
वाचला तो टीएफटीपीमुळे (केबलवरून फाइल पाठवायची साधी पद्धत). लॅपटॉपला केबल, आयपी हाताने दिलेला, रीसेट दाबून चालू केला की तो स्वतः फाइल मागतो. टीपी-लिंकच्या या पिढीत लॅपटॉपचा आयपी १९२.१६८.०.६६ ठेवतात. म्हणून कंपनीची मूळ फाइल आधी उतरवून ठेवा, नेट गेल्यावर ती मिळणार नाही.

बोरिवली_फास्ट
फ्लॅश चालू असताना लाइट गेली तर? मिनी यूपीएस घ्या, १२ व्होल्टचा. मी राउटर आणि ओएनटी दोन्ही त्यावर ठेवलेत.

वेसावकर
लालबागला बेस्टची वीज, तिथे कुठली जाते!

बोरिवली_फास्ट
मेन स्विच कोणी बंद केला तर बेस्ट काय करणार? आमच्या सोसायटीत इलेक्ट्रिशियनने न विचारता केला होता.

सायडिंगला_उभा
वेसावकर, वायफायचा दोष की लाइनचा ते दोन मिनिटांत कळतं. ताई, लॅपटॉप केबलने जोडा, पिंग (उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात ते) चालू ठेवा आणि लेकाला बॅकअप सुरू करायला सांगा.

चिवडागल्ली
केलं. केबलवर पिंग ९, बॅकअप सुरू होताच ३४० ते ३८०. बंद केला की परत ९.
लेबलवर व्हर्जन २ आहे, युरोपवाला, म्हणजे ८ एमबी.

सायडिंगला_उभा
मग हा बफरब्लोट. अपलोड तुंबतो आणि तुमच्या आवाजाची पाकिटं (डेटाचे तुकडे) फोटोंच्या मागे रांगेत उभी राहतात. चॅनेल बदलून काही होणार नाही. एसक्यूएममध्ये केक ही रांग लावायची पद्धत निवडा आणि दोन्ही बाजूंना ४५ एमबीपीएस, म्हणजे तिथल्या किलोबिटमध्ये ४५०००, लिहा. लाइनपेक्षा थोडं कमी लिहिलं की रांग तुमच्या राउटरमध्ये लागते आणि तो ती नीट लावतो. ५० च्या लाइनला हा प्रोसेसर पुरतो.

मुलुंडचा_मामा
८ एमबीत जाहिराती अडवायच्या मोठ्या याद्या वगैरे ठेवू नका. वन घेतला तर हा प्रश्नच नाही.

खारदांडा_०७
केबलवाल्याकडून पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने जोडणी) आहे का विचारा. असेल तर युजरनेम-पासवर्ड कागदावर लिहून घ्या. माझ्याकडे तर लाइनला जुन्या राउटरचा मॅक (हार्डवेअर क्रमांक) बांधलेला होता. राउटर बदलला, नेट गायब, आणि माणूस तीन दिवस फोन उचलेना.

वेसावकर
मी अजूनही म्हणेन, आधी चॅनेल बघा.

परळ_डेपो
लॅमिंग्टन रोडला हजार-बाराशेत जुना राउटर मिळतो. आधी त्यावर हात बसवा, घरचा चालू राहू द्या.

फोर्ट_ते_फलाट
+१. एकुलत्या एक राउटरवर प्रयोग नको.

सायडिंगला_उभा
यात मीही परळशी सहमत. घरात म्हातारं माणूस आहे.

चिवडागल्ली (दहा दिवसांनी)
मंडळी, दुसरा राउटर घेतला नाही. घरच्याच राउटरवर टाकलं. सगळ्यांनी नको म्हटलं होतं, पण दुसऱ्यावर शिकून या राउटरची भीती गेली नसती. शेजारच्या वहिनींकडून दुपारपुरता वायफाय पासवर्ड घेतला आणि सासऱ्यांचा फोन त्यावर लावून दिला.
मूळ फाइल उतरवली, दोनदा पडताळली, मग केबलने "फॅक्टरी" इमेज (कंपनीच्या फर्मवेअरवरून पहिल्यांदा टाकायची फाइल) टाकली. वायफाय आधी बंदच असतं हे कोणीच सांगितलं नव्हतं. पाच मिनिटं नेटवर्कचं नाव शोधत बसले, मग केबलवरूनच १९२.१६८.१.१ उघडलं आणि चालू केलं. देश भारत निवडला. पासवर्ड पहिल्यांदा कोराच असतो, तो लगेच ठेवला.
आता बॅकअप चालू असताना पिंग १४. काल पाऊण तास कॉल झाला, एक शब्द तुटला नाही. सायडिंगदादा, मनापासून आभार.
एक विचारायचं होतं. पुढची आवृत्ती आली की पुन्हा "फॅक्टरी"च टाकायची का?

सायडिंगला_उभा
नाही, आता "सिसअपग्रेड"वाली (आधीच ओपनडब्ल्यूआरटी असलेल्या राउटरसाठीची). व्हर्जन आणि देश पुन्हा तेच बघून. मोठी उडी असेल तर सेटिंग ठेवू नका, नव्याने भरा. एसक्यूएम वेगळं पॅकेज आहे, ते परत टाकावं लागेल.

मुलुंडचा_मामा
अभिनंदन ताई! हा गेला की वन घ्या.