फक्त वर्गशिक्षकांना सांगून भागत नाही

मुलाच्या मधुमेहाबद्दल वर्गशिक्षकांना सांगून ठेवलं की पुरे ना, असा प्रश्न पालकांना पडतो. माझ्या मते नाही पुरत. माझ्या लेकीला टाइप १ मधुमेह आहे. शाळेत पहिल्यांदा तिची रक्तातली साखर उतरली तेव्हा पीटीचा तास चालू होता, बाई दुसऱ्या वर्गावर, आणि ग्लुकोजच्या गोळ्या ऑफिसच्या कुलूपबंद कपाटात. ती घामाने डबडबलेली, हात थरथरतायत, आणि सरांना वाटलं दमली असेल. "जा, वर्गात जाऊन पड जरा," म्हणाले. अशा वेळी मुलाला एकटं पाठवणं हेच सगळ्यात धोक्याचं!

तेव्हापासून गोळ्या तिच्याच दप्तराच्या पुढच्या कप्प्यात असतात. सोबत एक कागद, डॉक्टरांनी तिच्यासाठी ठरवून दिलेलं त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं: साखर ७० mg/dL च्या खाली गेली की १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालायचं नाही, लगेच अॅम्ब्युलन्स. हा कागद पीटीच्या सरांना, बसमधल्या ताईंना, बदली शिक्षकांनाही दिलाय.

दम्याच्या मुलांच्या इन्हेलरचंही तेच, तो कुलपात ठेवायची वस्तूच नाही. आणि एक्सपायरी डेट अधूनमधून बघत जा, ती हमखास राहून जाते.