मदत हवी आहे: इंजेक्शननंतर बाबांच्या डोळ्यातल्या बाहुल्या मोठ्या झाल्या, चुकीचं औषध तर नाही?

पऱ्हाटीवाला:
लवकर सांगा कोणी. बाबाले काल सांजी भरती केलं. आणलं तवा बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होत्या, आता इंजेक्शनं देऊन देऊन सारा डोळा काळा दिसते. तोंड कोरडं, नाडी 120. रातभर चादर चिवडत होते अन् मेलेल्या आजीशी बोलून राहिले होते. तरी इंजेक्शन सुरूच हाये. नागपूरले हलवू का?

वर्धेची_सिस्टर:
भाऊ, झालं काय होतं ते लिहिलंच नाही. साप? फवारणी?

पऱ्हाटीवाला:
फवारणीच ना ताई, या दिवसात दुसरं काय. सकाळपासून पंधरा पंप मारले.

कोरडवाहू:
बोंडअळीसाठी? आमच्याकडे दोनदा मारलं तरी अळी आतच. अन् कापसाले भाव पाहा.

वर्धेची_सिस्टर:
भावाचं नंतर. कोणतं औषध? डबा आहे का? आणताना घाम, लाळ, छातीत घरघर होती?

पऱ्हाटीवाला:
मोनो (मोनोक्रोटोफॉस) अन् प्रोफेनो (प्रोफेनोफॉस), ही दोन कीटकनाशकं मिसळून. घाम, लाळ, उलट्या, पातळ संडास, घरघर, सारंच होतं.

वर्धेची_सिस्टर:
मग इंजेक्शन अ‍ॅट्रोपिनचं असणार, चुकीचं नाही. लाळ, घाम, आतडी, श्वासनळी, बाहुली हे आपल्याला न विचारता चालतं, ती स्वायत्त चेतासंस्था. यातल्या बहुतेक ठिकाणी नस ‘अ‍ॅसिटिलकोलीन’ नावाच्या रसायनातून निरोप देते. निरोप पोचला की एक विकर (एन्झाइम) ते लगेच तोडून टाकतं. मोनो, प्रोफेनो त्या विकरालाच धरून बसतात, म्हणून निरोप थांबतच नाही. छातीत पाणी भरून माणूस आतल्या आत बुडतो. अ‍ॅट्रोपिन तो निरोप घेणारी जागा अडवतं. म्हणून लाळ आटते, नाडी पळते, बाहुली मोठी होते.

पण चादर चिवडणं, बरळणं हे मात्र आत्ताच डॉक्टरांच्या कानावर घाला. डोस जास्त झाल्यावर असं होतं, ते कमी करतील. एकदम बंद करा म्हणू नका, विष अंगात असलं तर घरघर परत येते.

जडीबुटी_काका:
अ‍ॅट्रोपिन धोतऱ्यातही असते. धोतऱ्याचा रस दिला असता तर रातभराचा खर्च वाचला असता. आमच्या आज्यानं दिला हाये.

वर्धेची_सिस्टर:
काका, हात जोडते, असं लिहू नका. धोतऱ्याच्या कोणत्या झाडात, कोणत्या बीत किती विष हे कोणाला मोजता येत नाही. डॉक्टर दर थोड्या वेळानं छाती ऐकून डोस ठरवतात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं किती माणसं गेली, विसरलात?

जडीबुटी_काका:
आमच्या गावात तर कोणी नाही गेलं.

गुरुजी_दारव्हा:
प्रतिक्षिप्त क्रियेचं सांगतो. गुडघ्याखाली हातोडी मारली की संवेदी चेतातंतू मेरुरज्जूकडे निरोप नेतो, तिथून प्रेरक चेतातंतू स्नायूकडे, अन् पाय उडतो. मेंदूच्या हुकमाची वाट पाहावी लागत नाही.

पऱ्हाटीवाला:
सर, गुडघ्याचं नाही विचारलं. डॉक्टर दर तासाले डोळ्यात बॅटरी मारून जातात, ते कायले?

गुरुजी_दारव्हा:
तीही प्रतिक्षिप्तच. उजेड पडला की निरोप दृष्टिचेतेतून मध्यमेंदूत जातो अन् तिसऱ्या कर्पर चेतेनं (मेंदूतून थेट निघणाऱ्या नसेनं) परत येऊन बाहुली लहान करतो. अ‍ॅट्रोपिनवर निरोप येतो, पण स्नायू ऐकत नाही.

वर्धेची_सिस्टर:
बरोबर सर. भाऊ, एक गोष्ट विसरू नका. अ‍ॅट्रोपिन हातपायाच्या अन् श्वासाच्या स्नायूंची कमजोरी थांबवत नाही. साधारण एक ते चार दिवसांत, बरं वाटत असतानाच मान ढिली पडू शकते, मग श्वास. दर काही तासांनी बाबांना उशीवरून मान उचलायला सांगा. नाही उचलली, श्वास उथळ वाटला, तर लगेच डॉक्टर. हलवायचं की नाही ते त्यांनाच विचारा, व्हेंटिलेटर आहे का तेही. अन् भरती करताना अंग साबणानं धुतलं होतं का?

पऱ्हाटीवाला:
नाही... बंडी तीच होती अंगात.

वर्धेची_सिस्टर:
आत्ता काढा! ते विष कातडीतूनही जातं. हातमोजे घाला, डोकं, नखं, काखा साबणानं धुवा. कपडे पिशवीत बांधून वेगळे ठेवा.

कोरडवाहू:
पंप पाठीवर गळत असेल. माझाही गळते.

पऱ्हाटीवाला:
बंडी काढली, अंग धुतलं. डॉक्टरनं डोस कमी केला. आता विचारलं तर बाबांनी मान उचलली अन् पाणी मागितलं. पुन्हा सहा वाजता पाहतो.