ब्लू टिटची अंडी गायब! पेटी उघडून बघू का?

मंडळी, जरा घाईतच लिहितेय. आम्ही इंग्लंडात, रेडिंगला राहतो. मागच्या भिंतीवर, तीनेक मीटर उंच, ईशान्येकडे तोंड करून पक्ष्यांसाठी लाकडी पेटी लावली आहे. आत छोटा कॅमेरा. दोन वर्षं ती ओसच होती. यंदा मार्चअखेरीस ब्लू टिटची जोडी आली. निळी टोपी, पिवळं पोट, डोळ्यावरून काळी रेघ. आपल्या वल्गुलीच्याच गोतातली, पण चिमणीपेक्षा लहान. मादीने एकटीने शेवाळ आणून पेटी भरली आणि छाती घासून घासून मधोमध वाटी केली. नर भोकातून डोकावून जायचा, बस्स. सासूबाई म्हणाल्या, "सगळीकडे सारखंच."

१९ एप्रिलला पहिलं अंडं दिसलं. २१ला तीन झाली. पांढरी, त्यावर तांबूस ठिपके. २२ला सकाळी बघते तर एकही नाही! नुसती पिसं आणि केस. टरफल नाही, विस्कटलेलं काही नाही. आज २४. मादी रात्री झोपायला येते, सकाळी जाते ती दिवसभर क्वचितच फिरकते. अंडी टाकून गेली का? शेजारचं मांजर पेटीखाली ठाण मांडून असतं, त्याला घाबरली असेल? झाकण उघडून बघू?

आणि हो, आमच्या कुत्र्याचे विंचरलेले केस मी झुडपावर ठेवले होते, तेच आत गेलेत. त्याच्या मानेवर आम्ही पिसवांचं औषध घालतो. चालतं ना?

लीड्सकर: झाकणाला हात लावू नका! अंडी तिथेच आहेत, तिने पांघरूण घातलंय. ब्लू टिट रोज पहाटे एक अंडं घालते. सगळी होत आली की मगच उबवायला बसते, म्हणजे पिल्लं साधारण एकदमच बाहेर येतात. तोवर अंडी पिसाकेसांखाली झाकून ठेवते. आठ-दहा तर सहज होतात. शिवाय वापरातलं घरटं बिघडवणं इथे १९८१च्या कायद्याने गुन्हा आहे.

राईनकाठची माई: आमच्याकडे जर्मनीत हिला ब्लाउमायझे म्हणतात. मीही पहिल्या वर्षी अशीच रडकुंडीला आले होते. मांजराला पाण्याची पिचकारी दाखवा, पण उगाच धास्ती नको. एकेकाळी दारातल्या दुधाच्या बाटल्यांची टोपणं फोडून साय खायची ही जात! केस मात्र आजच उचला हो. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांना टिटच्या घरट्यांतल्या केसांत हीच पिसवांची औषधं सापडली आहेत. आत गेले ते गेले, आता ते काढायला जाऊ नका.

लीड्सकर: पेटीचं भोक किती मिलिमीटरचं आहे?

धागाकर्ती: ३२. दुकानदाराने दिलं ते घेतलं.

लीड्सकर: त्यातून चिमण्याही शिरतात. ब्लू टिटला २५ पुरतं. पण आत्ता काही ठोकाठोकी नको. पिल्लं उडून गेल्यावर, शरद ऋतूत जुनं घरटं काढून पेटी उकळत्या पाण्याने धुवा आणि तेव्हाच २५च्या भोकाची पत्र्याची पट्टी बसवा. सुतार पक्ष्यालाही मग भोक मोठं करता येत नाही.

धागाकर्ती (२९ एप्रिल): दहा!! काल दुपारपासून बसली आहे. आज नर चोचीत हिरवी अळी घेऊन आला, तिला भरवली. ती घ्यायला उठली तेवढ्यात मी मोजली. केस उचलले, कुत्र्याला आता घरातच विंचरते. तेरा ते पंधरा दिवस धरले तर ११ ते १३ मेच्या सुमारास पिल्लं येतील. सासूबाई परवा साताऱ्याला परतल्या, पण रोज फोनवर पहिला प्रश्न तोच: "बाळंतीण जेवली का?"