विसरण, पंप आणि खाडीकाठचा तिवर
पेशीपटलातून सर्व पदार्थांची ये-जा ऊर्जा न खर्चता, केवळ विसरणाने (जास्त संहतीकडून, म्हणजे दाटीकडून, कमी संहतीकडे आपोआप पसरण्याने) होते, हे विधान ऑक्सिजनपुरते बरोबर आहे. क्षारांना ते लागू पडत नाही. विद्युतभारित आयनांना पटलाचा स्निग्ध थर अडवतो, त्यामुळे त्यांना प्रथिनांची वाट लागते. प्राणिपेशीतील सोडियम-पोटॅशियम पंप तर एका एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या) रेणूच्या मोबदल्यात ३ सोडियम आयन बाहेर टाकून २ पोटॅशियम आयन आत घेतो, आणि तेही कमी संहतीकडून जास्त संहतीकडे. वनस्पतींत मात्र आयन वाहून नेण्याची ही ऊर्जा मुख्यतः प्रोटॉन (हायड्रोजन आयन) पंप पुरवतो. आपल्या ठाणे खाडीकाठी उन्हाळ्यात तिवराची पाने जरूर निरखावीत (भरतीची वेळ टाळूनच!), ग्रंथींनी ऊर्जा खर्चून बाहेर टाकलेल्या मिठाचे कण त्यांवर दिसतात.