गोळी आईच्या अंगी लागतेय का? ल्युटीन-झियाझॅन्थिनबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आई 71 वर्षांची, कराडला दादाकडे असते. दिवाळीनंतर संध्याकाळी पोथीतली अक्षरं पुसट दिसायला लागली. आम्हाला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला असेल. डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टरांनी स्कॅन काढून सांगितलं, कोरड्या प्रकारचं एएमडी (वयोमानाने पडद्याचा मधला भाग झिजणं) आहे, मधल्या टप्प्याचं. दोन्ही डोळ्यांत पडद्याखाली पिवळट ठिपके साचलेत. ल्युटीन, झियाझॅन्थिन, झिंक वगैरे असलेली गोळी सकाळ-संध्याकाळ, कायमची. बाहेर पंचवीस पेशंट बसलेले, त्यामुळे 'कशाबरोबर घ्यायची' हे विचारायचं राहूनच गेलं.

आता खरी अडचण. आधी जेल कॅप्सूल आणली होती. माझ्या भाचीने मोठ्याने पाकीट वाचलं, त्यात 'जिलेटिन' (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचं) आलं आणि आईने अर्थ विचारला. आई माळकरी आहे. बाटली त्याच दिवशी बाजूला ठेवली. मग दुकानदाराने साधी कोरडी गोळी दिली, 'ताई, कंटेंट सेम आहे' म्हणून. 2019 साली आईचं पित्ताशय काढलंय, तेव्हापासून ती तेला-तुपाला घाबरते. भाजी पाण्यावर परतलेली, फुलक्याला तूप नाही, दूध साय काढलेलं. आणि गोळी घेते पहाटे साडेपाचला, थायरॉइडच्या गोळीबरोबर, एकाच घोटात, 'एकदाचं काम उरकलं' म्हणून.

ल्युटीन-झियाझॅन्थिन तेलात विरघळणारी असतात एवढं मला माहीत आहे. म्हणजे महिन्याला हजारभर रुपये नुसते पोटातून जातायत का? पित्ताशय नसलं तर हे शोषलंच जात नाही का?

— सई_कराडकर

—

गाजर द्या. आमच्या आजोबांना नव्वदीपर्यंत चष्मा नव्हता. निसर्गात सगळं आहे, गोळ्या म्हणजे धंदा.

— रानवारा

—

रानवारा, गाजरात मुख्यतः बीटा कॅरोटीन. डोळ्याच्या पडद्याच्या मध्यावर, ज्याला मॅक्युला म्हणतात तिथे, ते साठत नाही. तिथे साठतात ल्युटीन आणि झियाझॅन्थिन, म्हणून तर तो भाग पिवळा दिसतो. ती मिळतात पालक, मेथी, माठ, शेवग्याचा पाला यांतून, पिवळ्या मक्यातून आणि अंड्याच्या बलकातून. बलकातली सगळ्यात चांगली अंगी लागतात, कारण ती मुळातच चरबीत मुरलेली असतात. सईताई, आई अंडं खातील का?

— ओट्यावरून

—

माळकरी आहे हो 🙂 अंड्याचं नाव काढलं तरी मला घराबाहेर काढेल.

— सई_कराडकर

—

सईताई, माझं 22 वर्षं औषधाचं दुकान आहे. सावकाश लिहितो, कारण या गोळ्या विकणारे आम्ही लोकच त्या कशा घ्यायच्या ते सांगत नाही.

ल्युटीन पोटात गेलं की आधी अन्नातल्या तेला-तुपात विरघळावं लागतं. मग पित्तरस त्या तेलाचे बारीक बारीक थेंब करतो आणि त्यांत बसून ते आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचतं. तेल नाही तर थेंब नाहीत, मग वाहनच नाही. जेल कॅप्सूलमध्ये ते आधीच तेलात कालवलेलं असतं. कोरड्या गोळीत पूड किंवा बारीक दाणे असतात, त्यामुळे सगळी भिस्त जेवणावर. तुमच्या आईंनी नेमकी कोरडी गोळी, रिकामं पोट आणि बिनतेलाचं घर अशी तिन्ही जमवलीत. थोडं लागत असेलही, पण फार नाही.

आता बाटली हातात घ्या आणि तीन गोष्टी बघा. एक, 'ल्युटीन' लिहिलंय की 'ल्युटीन एस्टर'. गोळ्यांतलं बहुतेक ल्युटीन येतं झेंडूतून, दसऱ्याला दाराला लावतो त्याच झेंडूच्या पाकळ्यांतून. कर्नाटक-तामिळनाडूत त्यासाठी झेंडू लावतात. पाकळीत ते स्निग्धाम्लांना जोडलेलं असतं, त्याला एस्टर म्हणायचं. शरीराला ती जोडणी आधी तोडावी लागते आणि मग ते शोषता येतं. नेदरलँड्सचा 2000 सालचा एक प्रयोग आहे: ल्युटीन एस्टर 3 ग्रॅम चरबीबरोबर दिलं आणि 36 ग्रॅमबरोबर दिलं. जास्त चरबीबरोबर रक्तातली वाढ दुपटीहून अधिक झाली. गंमत म्हणजे बीटा कॅरोटीनला तेवढी 3 ग्रॅमसुद्धा पुरली. म्हणजे 'कॅरोटीन' सगळी एका माळेची नाहीत. (36 ग्रॅम म्हणजे सात-आठ चहाचे चमचे तेल. एवढं कुणाला देऊ नका.)

दोन, आकडा कशाचा ते बघा. 'ल्युटीन 20%, 50 मिग्रॅ' लिहिलं असेल तर खरं ल्युटीन 10 मिग्रॅ. एस्टरचा आकडा असेल तर खरं ल्युटीन साधारण निम्मं धरा. आणि तो आकडा एका गोळीचा आहे की दिवसाचा, हेही वाचा.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: त्यात बीटा कॅरोटीन आहे का? घरात कुणी विडी-सिगारेट ओढतं किंवा ओढत होतं का?

— दुकानदार_अण्णा

—

अण्णा, भिंगातून बघितलं. अक्षरं मुंगीएवढी, ज्यांचे डोळे अधू त्यांच्यासाठीच्या बाटलीवर! 'ल्युटीन एस्टर 10 मिग्रॅ' आहे. म्हणजे खरं 5च ना? झियाझॅन्थिन 400 मायक्रोग्रॅम. आणि हो, बीटा कॅरोटीन आहे. आई तंबाखूला शिवली नाही कधी, पण दादा दिवसाला पाकीट ओढतो आणि 'माझेही डोळे दमतात' म्हणून अधूनमधून तिच्या बाटलीतली घेतो. आत्ता कळतंय.

— सई_कराडकर

—

दादांच्या हातातून बाटली आजच काढा. 1994 साली फिनलंडच्या अभ्यासात 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांपैकी ज्यांना रोज 20 मिग्रॅ बीटा कॅरोटीन दिलं, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी 18 टक्क्यांनी जास्त निघाला. म्हणूनच अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटने दुसऱ्या मोठ्या अभ्यासात, ज्याला एआरईडीएस-2 म्हणतात, बीटा कॅरोटीनऐवजी ल्युटीन 10 आणि झियाझॅन्थिन 2 मिग्रॅ ठेवून बघितलं. 2013 साली निकाल आला. सोबत व्हिटॅमिन सी 500 मिग्रॅ, ई 400 युनिट, झिंक 80 आणि तांबं 2 मिग्रॅ, हे सगळं दिवसाचं. तांबं अशासाठी की एवढ्या झिंकने शरीरातलं तांबं कमी होतं. शिवाय मोठ्या डोसचं बीटा कॅरोटीन ल्युटीनला आतड्यातच ढकलून मागे सारतं.

तुमच्या दुकानदाराचं 'सेम कंटेंट' म्हणजे नावं सेम. आकडे नाहीत.

— दुकानदार_अण्णा

—

मी डोळे तपासण्याचं काम करते, रोज असे पेशंट बघते. पित्ताशयाबद्दल लिहिते. पित्त तयार होतं यकृतात, पित्ताशय फक्त साठवण. ते काढल्यावर पित्त थेंबथेंब थेट आतड्यात येत राहतं, जेवणाच्या वेळी एकदम जोरात येत नाही इतकंच. म्हणून एका वेळी खूप तूप पचणार नाही, पण दोन्ही जेवणांत एकेक चमचा बहुतेकांना चालतं. त्यांच्या सर्जनना फोनवर विचारून घ्या, शस्त्रक्रियेनंतरचं पथ्य आता लागू आहे का म्हणून. बऱ्याचदा ते पथ्य पेशंटनेच लांबवलेलं असतं.

थायरॉइडची गोळी पहाटे एकटीच घ्यायची. कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब ठेवायला सांगतात. झिंकही खनिजच, त्यामुळे डोळ्यांची गोळी दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर. भरल्या पोटी झिंकने मळमळतही नाही. रात्री इसबगोल घेत असतील तर तेही दोन तास नंतर.

एक मात्र स्पष्ट सांगते. या गोळीने गेलेली नजर परत येत नाही. मधल्या टप्प्यातून पुढच्या टप्प्यात जाण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे पाव हिश्श्याने कमी होतो, तोही पूर्ण मिश्रणाचा हिशेब. एकट्या ल्युटीनचा जास्तीचा फायदा सगळ्यांत मिळून दिसलाच नाही. ज्यांच्या ताटात पालेभाजी सगळ्यात कमी होती, त्यांच्यात मात्र दिसला. निरोगी डोळ्यांना 'मोबाईलचा त्रास' म्हणून हीच गोळी विकतात, त्याबद्दल न बोललेलं बरं.

चौकटींचा तक्ता (ॲम्सलर ग्रिड) फ्रिजवर लावा. रोज एकेक डोळा झाकून बघायचं. रेघा वाकड्या दिसल्या तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, लगेच जायचं. तेव्हा गोळीचं नाही, इंजेक्शनचं काम असतं.

— पडद्यामागची

—

लागतेय की नाही हे रक्त तपासून कळतं का?

— नाशिककर

—

कळू शकतं, पण नेहमीच्या लॅबमध्ये कुणी करत नाही आणि उपचार त्याने बदलत नाहीत. रक्तातलं प्रमाण काही आठवड्यांत वर येतं, पडद्यावर जमायला कित्येक महिने लागतात. म्हणून महिन्यात 'फरक नाही' म्हणून बंद करू नका.

— पडद्यामागची

—

सगळ्यांचे आभार. रविवारी कराडला जाऊन आले. डॉक्टरांना पाकिटाचा फोटो पाठवला होता. त्यांनी बीटा कॅरोटीन नसलेली, ल्युटीन 10 आणि झियाझॅन्थिन 2 वाली, वनस्पतीच्या आवरणाची कॅप्सूल लिहून दिली. सर्जन म्हणाले, 'तूप बंद करा असं मी तीन महिन्यांसाठी सांगितलं होतं.' दादाला फिनलंड वाचून दाखवलं. त्याने बाटली सोडली, सिगारेट नाही.

दुपारी आईच्या वरण-भातावर चमचाभर तूप, माठाच्या भाजीला तेलाची फोडणी, मग गोळी. पहिले दोन दिवस कुरकुर, आता 'भाजीला चव आली' म्हणते.

एक प्रश्न तिनेच विचारायला सांगितलाय: एकादशीला जेवण नसतं, तर गोळी चुकवायची का?

— सई_कराडकर

—

खिचडी साजूक तुपातली, वर शेंगदाण्याचं कूट? मग चुकवायची कशाला! त्या दिवशीच तर नेहमीपेक्षा जास्त अंगी लागेल.

— दुकानदार_अण्णा