शेतीच्या कंपन्यांनी मुंबईत बसावं का?

बांधावरून:
शेतमाल खरेदी करणाऱ्या ॲपवाल्या कंपन्यांनी अंधेरी-पवईत ऑफिस थाटून शेती चालवू नये, असं माझं ठाम मत आहे. मी जुन्नरकडचा, टोमॅटो करतो. आदल्या रात्री ॲपवर भाव येतो, तो बघून पहाटे तोडा करायचा. संकलन केंद्रावर पोरगा क्रेट पालथं करतो आणि रंग-आकार बघून निवडतो. ज्याच्या देठाशी जरा हिरवं, ते बाजूला. बाजूला काढलेलं परत माझ्याच गाडीत. तोवर नारायणगावचा बाजार गाठायला उशीर झालेला असतो. पोराला विचारलं तर म्हणतो, "दादा, नियम मुंबईहून आलेत." बाजारात भाव पडतो, पण माल तरी घरी येत नाही.

वाशी_गाळा:
बाजाराचं एवढं कौतुक नको. मी वाशीच्या भाजी मार्केटला हिशेब लिहिले आहेत. २०१६ च्या जुलैत राज्य सरकारने फळं-भाजी बाजार समितीच्या नियमनातून काढली आणि आडत, म्हणजे माल विकून देणाऱ्या आडत्याचं कमिशन, खरेदीदारावर टाकली. त्याआधी ती शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीतून, कापली जायची. बदल झाला तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले होते, आठवतंय ना? माल रात्री गाडीत चढायचा आणि काय भावाने गेला ते पट्टी हातात पडल्यावर कळायचं. बाजारात तोडणीआधी भाव सांगतो कोण? आणि खाणारा इथे आहे. श्रावणात भाजी किती उठेल, गणपतीत फळ किती लागेल, हे मुंबईत बसूनच कळतं.

लातूरकर_ठाण्यात:
वाशी_गाळा यांच्याशी सहमत, पण माझं कारण वेगळं. शेतीचे मोठे निर्णय मुंबईतच होतात. शेतीकर्जाला पैसा पुरवणारी नाबार्ड बीकेसीत, शेअर आणि वायदेबाजारावर नियंत्रण ठेवणारी सेबी बीकेसीत, एनसीडीईएक्स हा शेतमालाचा वायदेबाजारही मुंबईतच. सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीन, हरभऱ्यासह सात शेतमालांचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे आज ठरणारे सौदे, थांबवले आणि मग मुदतवाढ देत राहिली. पुढचा भाव काय, याचा अंदाज बघायची आमच्याकडची एक खिडकी बंद झाली. त्या टेबलाशी जाऊन भांडणारं शेतीतलं कुणीतरी मुंबईत हवंच.

बांधावरून:
भांडायला हवं, मान्य. पण या कंपन्या आमच्यासाठी भांडतील हे कशावरून? त्या गुंतवणूकदाराला उत्तर देतात. आणि पैसा मुंबईतच मिळतो हेही खरं नाही. सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीत आहे. २०२२ साली तिला ३१० कोटींची परदेशी गुंतवणूक मिळाली. शेताजवळ बसूनच मिळाली.

चिकूवाडी:
डहाणूहून लिहिते. चर्चगेटहून आमच्यापर्यंत लोकल येते. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तरी उतरवलेला चिकू चार दिवसांत मऊ पडतो आणि वाडीजवळ शीतगृह नाही म्हणून मिळेल त्या भावाने द्यावा लागतो. मुंबईतली ॲपं आम्हाला हवामान सांगतात, औषध सुचवतात. फळ टिकवायचं कुणी बोलत नाही. ऑफिस कुठेही असो, पैसा शीतगृहात घाला.

बांधावरून:
ताई, अगदी बरोबर. माझीही मागणी एवढीच: निवड शेतकऱ्यासमोर, लेखी निकषाने करा आणि बाजूला काढलेला माल परत न देता त्याला दुसरा भाव लावा. कांद्याच्या बाजारात गोल्टीला, म्हणजे बारक्या कांद्यालाही, भाव असतो.

वाशी_गाळा:
दुसऱ्या भावाची मागणी रास्त आहे. पण देठाशी हिरवा राहिलेला टोमॅटो कोण घेणार? मुंबईच्या खानावळी, वडापावच्या गाड्या, चटणी-सॉसवाले. तेवढी गिऱ्हाइकं जोडायला कंपनीची माणसं याच शहरात फिरायला हवीत. म्हणून म्हणतो, ऑफिस इथेच राहू द्या, फक्त नियम लिहिणाऱ्याला हंगामभर नारायणगावला पाठवा.