जुन्या मराठी सिनेमांच्या डीव्हीडी: वाचनालयासाठी कुठली प्रत घ्यावी?

खानापूरचा_ग्रंथपाल
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयाकडं यंदा जुन्या सिनेमांच्या डीव्हीडी घ्यायला थोडे पैसे आलेत. 'संत तुकाराम', 'कुंकू', 'शेजारी', 'श्यामची आई' एवढं पक्कं. पण एकेकाच्या दोन-तीन प्रती निघतात. दुकानदार 'एका डिस्कवर तीन सिनेमे' गळ्यात मारायला बघतोय. लावून बघितली, तर विष्णुपंत पागनीसांचं तोंड फुगून भाकरीएवढं, आणि अभंग सुरू झाला की टाळांच्या जागी नुसती खरखर. आमचे सभासद म्हणजे निवृत्त मास्तर आणि कन्नड शाळेत जाणारी त्यांची नातवंडं. मास्तरांना अभंग तोंडपाठ, पोरांना सबटायटल पाहिजेत. काय बघून घेऊ?

निपाणीचा_नाना
तीन-एकात अजिबात नको ओ! साध्या डीव्हीडीत मावतं ४.७ जीबी. दोन-दोन तासांचे तीन सिनेमे त्यात कोंबल्यावर चित्राचा चोथाच होणार. तोंड फुगलंय ते मात्र डिस्कचंच पाप असेल असं नाही. आधी टीव्हीचा रिमोट घ्या, चित्राचा आकार ४:३ करून बघा. ते सिनेमे चौरसाच्या जवळपासच्या आकारातच काढलेले. एवढं करूनही पगड्या वरून कापलेल्या दिसल्या तर सरळ परत करा.
आणि स्वस्तात व्हीसीडी, म्हणजे डीव्हीडीच्या आधीची सिनेमाची सीडी, देईल, घेऊ नका. तिच्यात चित्राचे ठिपके डीव्हीडीच्या जेमतेम चौथाई.

टिळकवाडीची_माई
भाषा बघून घ्या हं. प्रभात फिल्म कंपनीवाले बरेचदा एकच कथा मराठीत आणि हिंदीत वेगवेगळी चित्रित करायचे. 'कुंकू' (१९३७) म्हणजे हिंदीत 'दुनिया न माने', 'शेजारी' (१९४१) म्हणजे 'पडोसी'. ही डबिंगची भानगड नव्हे. 'शेजारी'तल्या हिंदू शेजाऱ्याचं, पाटलाचं काम मराठीत केशवराव दात्यांनी केलंय, हिंदीत मझहर खाननं. त्याचा मुसलमान शेजारी मिर्झा दोन्हीकडं गजानन जागीरदारच. माझं ऐकाल तर 'शेजारी' दोन्ही भाषांत घ्या, त्यासाठी दुसरं एखादं नाव गळलं तरी चालेल. कन्नड शाळेतल्या पोरांना हिंदी समजतं, आणि आपल्या भागात हा सिनेमा पोरांनी बघायलाच पाहिजे.

खानापूरचा_ग्रंथपाल
नाना, रिमोटनं तोंड जाग्यावर आलं! खरखर काही गेली नाही, तेव्हा ती डिस्क परत. आता एकच शंका. 'संत तुकाराम' १३१ मिनिटांचा म्हणतात. दुसऱ्या दुकानात मिळालेली प्रत १२६ मिनिटांतच संपते. आवली कुठं कापली की काय?

निपाणीचा_नाना
नाही ओ. आपल्याकडची 'पाल' (PAL) पद्धतीची डीव्हीडी सेकंदाला २५ चित्रं दाखवते, सिनेमा २४ चा. सगळाच जरा घाईत पळतो, त्यात पाच मिनिटं जातात. दहा-पंधरा कमी भरली असती तर कात्री म्हणालो असतो. ती प्रत घ्या, फक्त सबटायटल बंद होतात का बघा. चित्रातच छापलेली असली तर मास्तर लोक अभंग सोडून इंग्रजीतल्या चुका काढत बसतील.